उजवीकडे ओढणारी गाडी

मंगळवार, ४ मार्च

झाले एकदाचे! मोटारसायकलचे दोन्ही टायर बदलले. जुन्यांवर नक्षीच उरली नव्हती. स्टँडवरचे बाकीचे सवारीवाले म्हणायचे, एलिजिओ, या टायरात बघून दाढी कर. पंक्चरवाल्या प्लासिदोने नवे बसवले, वर हौसेने चकाकीचं तेल चोपडलं — रस्त्याला टेकतो त्या भागालासुद्धा! पहिल्याच वळणावर मागचं चाक सटकलं. अर्धी सकाळ वाळूने घासत बसलो.

बुधवार, ५

तेल गेलं. आता गाडी उजवीकडे ओढते. सवारी घेऊन थेट गटाराकडे! प्लासिदोने चाक फिरवलं, हवा पाहिली, म्हणाला काही नाही. काही नाही कसं?

सकाळी कॉफीचा कप हातातून सुटला. धुतलेल्या पँटवर. दिवसच तसला.

शुक्रवार, ७

स्टँडची रीतच आहे — नवे टायर आले की प्रत्येकाने एक फेरी मारून निकाल द्यायचा. आठही जण फिरून आले. गाडी अगदी सरळ चालते म्हणे. फाउस्तो तर हात सोडून आला. मी बसलो की पुन्हा उजवीकडे! माझ्याशीच वैर आहे का हिचं?

शनिवार, ८

सापडलं कारण! दोन्या कासिल्दा, म्हणजे आपल्या कासिल्दाबाई. इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, रोज बाजारात मीच नेतो. इथल्या बायकांसारख्या मागे एका अंगाला बसतात, तेही केळ्यांच्या पिशव्या घेऊन. आज म्हटलं, दोन्हीकडे पाय टाकून बसा. चर्चच्या दारात सगळ्यांसमोर झापलं मला. पण बसल्या.

गाडी उजवीकडेच.

वहीसुद्धा दळभद्री. अक्षर ओळीवर राहत नाही. डावखुऱ्याला मधली शिवण नडतेच.

सोमवार, १०

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. बाजारात दोन्यांनी दोन पिशव्या माझ्या हाती दिल्या. डावीकडची पडली, केळी रस्ताभर. टायरांना शिव्या घालत वेचत होतो. त्या म्हणाल्या, "टायरांचं राहू दे, पोरा. डोळे मीट आणि दोन्ही हात समोर धर."

भर बाजारात! धरले. लोक हसले. डोळे उघडले तर डावा हात मांडीशी, आणि मला पत्ताच नाही. दोन्या हसल्या नाहीत. फाउस्तोला बोलावून मला त्याच्या मागे बसवलं.

भीती वाटतेय.

रविवार, १६

उजव्या हाताने लिहितोय. एका ओळीला घाम फुटतो. मेंदूत रक्त अडलं होतं. डावा हात परत येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

माझी गाडी फाउस्तो चालवतो. टायर चांगले आहेत.