हात लावतेय हं

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी काल संपली. आजही ऑफिसला गेले नाही. साहेबांना मेसेज टाकला, 'घरी जरा गडबड आहे.' गडबड कसली डोंबलाची! घर इतकं गप्प आहे की फ्रिज चालू-बंद झालेला कळतो.

आजी गेली रविवारी. झोपेतच. परळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिला आजी म्हणणारी मी एकटीच, बाकी सगळ्यांची ती 'सिस्टर'. भाजीवालासुद्धा खालून ओरडायचा, "सिस्टर, वांगी ताजी हायत!" आधी वॉर्डात नर्स, मग नर्सिंगच्या मुलींना शिकवायला. रिटायर झाल्यावर जी उरली ती सगळी माझी.

दुपारी मामा आला. पंधराला, रविवारी, विहारात पुण्यानुमोदन. भन्ते येणार, आजीच्या जुन्या विद्यार्थिनी येणार, चार लोक तिच्याबद्दल बोलणार. "घरातर्फे तू बोल सोनल. पाच मिनिटं. तिची लाडकी तू."

आई आत भाकऱ्या थापत होती. हात थांबले नाहीत, पण थापेचा आवाज वाढला.

"छाया, तूही दोन शब्द बोलशील ना?" मामा.

"मी येणारच नाही."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी टाइल्सकडे. पोटची मुलगी आईच्या पुण्यानु.ला नाही? लोक काय म्हणतील हे सोडा, मला काय वाटेल?

७ फेब्रु., शनि.

भाषण लिहायला बसले. 'माझी आजी' एवढं लिहिलं आणि अडले. चौथीतला निबंध नुसता. उठले, गॅलरीत गेले, परत बसले, परत उठले. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का?"

डोक्यात एकच गोष्ट सारखी. आजी मला हात लावायच्या आधी दर वेळी म्हणायची, "बाय, हात लावतेय हं." वेणी घालताना, ताप बघताना, फुटलेल्या गुडघ्याला औषध लावताना. आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळून गरम करायची, मग ते वाक्य, मग हात. मला प्रेम म्हणजे हेच माहीत. कॉलेजात एकाने न विचारता खांद्यावर हात टाकला, तर त्याला भर कँटीनमध्ये हाच धडा दिला होता. बिचारा नंतर वर्षभर लांबून नमस्कार करायचा.

त्या रविवारी आजीला शेवटची आंघोळ घालताना माझ्या तोंडून आपोआप आलं, "आजी, हात लावतेय हं." शेजारच्या बायका रडायला लागल्या. आईने तांब्या खाली ठेवला आणि बाहेर निघून गेली. परत आत आलीच नाही. तेव्हापासून बिनसलंय तिचं.

हेच बोलायचं. ठरलं. एकटाकी लिहून काढलं.

८ फेब्रु., रवि.

मला अवदसा आठवली आणि आईला वाचून दाखवलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाली, "मला नाही म्हणाली ती कधी."

"काय?"

"हेच. हात लावतेय बिवतेय. नाइट ड्युटीवरून यायची, मला गोधडीतून खेचून काढायची, बखोट धरून मोरीत बसवायची आणि डोक्यावर तांब्या. बोलणं नाही, विचारणं नाही. वेणी अशी ओढायची की डोळ्यांत पाणी. आणि तिकडे वॉर्डात? 'काका, हात लावतेय हं, दुखलं तर सांगा हं.' मी डबा घेऊन जायचे ना, दारात उभी राहून ऐकायचे सगळं."

मी कागदाची घडी घातली.

"लोकांची सिस्टर झाली, मुलींची बाई झाली, तुझी आजी झाली. माझ्या वाटचं कुठे गेलं, ते विचार तुझ्या भाषणात."

बासष्ट वर्षांची बाई. रडली नाही, कांदा चिरायला घेतला. म्हणजे रडलीच.

आता झालं का! जे वाक्य बोलेन ते आईच्या वर्मी लागणार. नाही बोलले तर आजीबद्दल माझ्याकडे दुसरं काहीच नाही.

१० फेब्रु., मंगळ.

ऑफिसला गेले एकदाची. दोन ईमेल चुकीच्या माणसांना पाठवल्या.

संध्याकाळी मामाने बॅनरचं प्रूफ पाठवलं. लालबागच्या छपाईवाल्याने सवयीने आजीच्या नावामागे 'कै.' ठोकलंय. मामा फोनवर पेटलेला. "मी म्हटलं त्याला, अरे, आमची आई कैलासात कशाला जाईल? तिकडे तिचं कोण आहे? आमच्यात कालकथित लिहितात, कालकथित! तर म्हणतो कसा, साहेब, एवढा मोठा शब्द मावत नाही, नुसता 'का.' टाकू का?"

किती दिवसांनी हसले. हसताना लाज वाटली, तरी हसले.

नावाखाली लिहिलंय, 'आदर्श परिचारिका, शिक्षिका, प्रेमळ माता व आजी'. आईने माझ्या हातातून फोन घेतला, दोन बोटांनी मोठं करून वाचलं.

"दादाला सांग, 'प्रेमळ' काढ."

मामाला कळवलं. तो लहानपणी गावी आजोबांकडे वाढला, त्याला यातलं काही ठाऊक नाही. "तुम्हा मायलेकींचं काय चाललंय?" म्हणाला. मला कळलं तर सांगेन ना.

११ फेब्रु., बुध.

सुटल्यावर माहीमला गेले, फिलोमिना सिस्टरना बोलावणं द्यायला. आजीच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी. आता स्वतःच रिटायर, गुडघे कामातून गेलेले. खोलीत शिरले तर कॉटवरच्या चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडलेला, आजी दुमडायची तस्साच.

विचारलं, तुम्हालाही ते वाक्य शिकवलं होतं का?

"शिकवलं? अगं, घोटून घेतलं! बेशुद्ध माणसाला पण सांगायचं. मेलेल्याला पण. एकदा मी नाही बोलले, तर सिस्टरने सगळ्यांसमोर मला वॉर्डातून बाहेर काढलं. म्हणाली, परक्याचं अंग म्हणजे परक्याचं घर आहे, फिलो. दार वाजवायला नको?"

मग एकदम हसायला लागल्या. "आमच्यात एक आगाऊ पोरगी होती. तिने विचारलं, सिस्टर, घरी पण असंच सांगायचं काय? तर सिस्टर म्हणाली, घरच्याला कोण विचारतं गं! माझ्या छायाला मी झोपेतच उचलून मोरीत बसवते. दिवसभर लोकांची परवानगी मागते मी. ती एकच आहे जिला हात लावायला मला कुणाला विचारावं लागत नाही."

समोर चहा होता. प्यायले की नाही आठवत नाही.

बस सोडून दिली, चालत निघाले. दादरपर्यंत चालतच. एका फेरीवाल्याला धडकले, त्याने शिवी दिली, ती पण धड ऐकली नाही. म्हणजे मी परकी? माझं दार वाजवायची ती? लहानपणापासून जे वाक्य उराशी धरलं ते पेशंटचं वाक्य. आईला मिळाली आजी, मला मिळाली तिची ड्युटी. राग येतोय. मेलेल्या माणसावर राग काढायचा तरी कुठे?

१२ फेब्रु., गुरु.

आईला सांगितलं नाही. सकाळी दोनदा तोंडाशी आलं, गिळलं. सांगितलं तर तिचं भरेल आणि माझं रिकामं होईल. किती कद्रू विचार! पण आला. इथे खोटं लिहून काय करू?

भाषणाचा कागद फाडला.

१३ फेब्रु., शुक्र.

सांगितलं. सांगितलं कसलं, अंगावर फेकलं. आमटी खारट झाली म्हणून मी तोंड वाकडं केलं, आई म्हणाली, "आजीच्या हातची हवी असेल ना तुला." झालं, माझा तोल गेला.

"परक्यांनाच म्हणायची ती ते वाक्य! तुला नाही म्हणाली कारण तू तिची होतीस. मी नव्हते. झालं समाधान?"

आईने गॅस बंद केला. "कोण म्हणालं?"

फिलोमिना सिस्टरचा शब्दन् शब्द सांगितला. 'मोरीत बसवते'पाशी आईने ओट्याची कड धरली.

"असं म्हणाली? वर्गात?"

"हो."

"माझं नाव घेऊन?"

"हो गं. छाया म्हणाली. माझ्या छायाला, म्हणाली."

तेच तेच परत विचारत राहिली. मग स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावला. या वेळी कांदा नव्हता.

पदर खाली करून म्हणाली, "तू परकी नव्हतीस गं येडे. तुझे बाबा गेले तेव्हा तू पाच वर्षांची. कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाहीस. मी जवळ घ्यायला गेले की किंचाळायचीस, चावायचीस. मी तशीच ओढून धरायचे. मला दुसरं येतच नव्हतं, तिच्यावरच गेले ना मी! ती मात्र लांब बसायची. हात चोळायची आणि विचारायची. तू नाही म्हटलंस की उठून जायची. दुसऱ्या दिवशी परत. मग एक दिवस तूच जाऊन तिच्यापुढे डोकं केलंस."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. बाबांचा चेहरासुद्धा फोटोतलाच. पण हे ऐकल्यापासून टाळूवर काहीतरी गरम ठेवल्यासारखं वाटतंय.

"रविवारी येशील?"

"बघू."

१४ फेब्रु., शनि.

हिंदमाताला जाऊन आईसाठी पांढरी साडी घेतली, बारीक निळ्या काठाची. दुकानदार म्हणाला, "आज सगळे लाल मागतायत, ताई, तुम्ही पांढरी?" नुसतं रडू आलं, त्याने घाईघाईने पाणी मागवलं.

आई: "कशाला आणलीस? मी बघू म्हटलं होतं."

पण पिशवी कपाटात नाही ठेवली. खुर्चीवर ठेवली.

भाषणाचा नवा कागद अजून कोरा. काय बोलू? तेच वाक्य बोलू? आता ते माझं की आईचं की वॉर्डाचं, तेच कळत नाही. पेन घेते, ठेवते, घेते.

१५ फेब्रु., रवि.

वही घरी राहिली. विहारात बसून फोनवर लिहितेय, हात नुसते रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून. भन्ते आले. त्रिसरण, पंचशील झालं. हॉल भरलाय. मागच्या रांगांत सगळ्या पिकलेल्या केसांच्या बायका, ताठ बसलेल्या. बघूनच कळतं कुणाच्या तालमीतल्या ते.

आई आलीय. निळ्या काठाची नेसून. दारातून आत आली आणि बॅनर बघून थांबली. 'कालकथित' मावलंय. खाली, 'आदर्श परिचारिका, शिक्षिका व आजी'.

"माता कुठे गेली?"

मामा गडबडला. "तूच काढायला सांगितलंस ना!"

"'प्रेमळ' काढ म्हटलं होतं. 'माता' काढ नव्हतं म्हटलं."

मामा बिचारा मार्कर शोधायला धावला. मिळाला नाही.

आत्ता, मघाशी, आईच्या खांद्यावरची पिन सुटली. नवी साडी, घसरतेय. मी मागे उभी राहिले, तळवे चोळले आणि सवयीने म्हणाले, "हात लावतेय हं."

"लाव की," आई म्हणाली. "परक्यासारखं विचारतेस काय?"

मग तिचं तिलाच कळलं काय बोलली ते. मान वळवून आजीच्या फोटोकडे बघत राहिली. मी पिन लावली. हात तिथेच राहिला. तिने झटकला नाही, वर स्वतःचा हात ठेवला. दाबून, नेहमीसारखा. दुखला थोडा.

फिलोमिना सिस्टर माइकपाशी बोलतायत. त्यांच्यानंतर घरातर्फे. मामा माझ्याकडे बघून मान हलवतोय.

आई म्हणतेय, "तो भाषणाचा कागद दे इकडे."

"कोरा आहे गं."

"असू दे," म्हणाली. घेतलाय तिने. घडी उघडून बसलीय.