दुडक्याचा डावा बूट

सोमवार, दुपार

चि. थोरलीस आईचे अनेक आशीर्वाद.

सगळ्यात आधी टपकला तो त्यांचा ड्रायव्हर! दारात उभा राहून म्हणतो, "आजी, आधी बाथरूम दाखवा, बाकीचे मागून येताहेत." मग आली दिग्दर्शिका. तुझ्या लेकीच्या वयाची असेल, केस बारीक कापलेले. तिच्यामागे सिनेमाचे कपडे शिवणारा लांबुडका शिंपी, हातात चामड्याच्या तुकड्यांचा हा एवढा गठ्ठा. वरच्या मजल्यावरची लगेच साखर मागायला हजर. तिला मधुमेह आहे, डॉक्टरांनी साखर बंद केलीय, पण आली.

अगं, आपल्या दुडक्याचा सिनेमा काढताहेत! कार्टून नाही, खरी माणसं घेऊन. खरा डोंगर, खरी होडी, खरी भिजलेली माणसं. लहानथोर सगळ्यांनी मिळून बघावा असा, म्हणे. कार्टूनच्या कारखान्यात रंग भरणाऱ्या आम्ही बारा जणी होतो, त्यातली मीच उरलेय, त्यामुळे सध्या माझा भाव वधारलाय. मला खुर्चीत बसवलं आणि शिंपी बिचारा जमिनीवर.

त्याला हवं होतं काय, तर डाव्या बुटाचा पिवळा नेमका कोणता. उजवा लाल, डावा पिवळा, ही तर दुडक्याची ओळखच. "आजी, लिंबासारखा की हळदीसारखा?" मी म्हटलं, "सात नंबर." तो बघतच राहिला. अक्षरं मला तेव्हा जेमतेम, पण आकडे पक्के, आणि रंगाच्या डब्यांवर आकडेच असायचे. शेवटी चामड्याचे सगळे तुकडे खिडकीत मांडले आणि एकावर बोट ठेवलं. शिंपी म्हणाला, "आजी, तुम्ही माझी नोकरी वाचवलीत."

मग त्यांनी थोडा सिनेमा दाखवला. एक जिताजागता माणूस लाल-पिवळे बूट घालून छपरांवरून पळतो. वरचीनं डोळ्यांना पदर लावला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला काहीच वाटलं नाही गं. मी म्हटलं, "टाच सैल आहे त्याची." शिंप्यानं लिहून घेतलं.

दिग्दर्शिकेनं विचारलं, "आजी, बूट दोन रंगांचे का?" मी नेहमीचंच सांगितलं, लाल डबा संपला होता. ती टाळ्या वाजवायला लागली. "हेच कॅमेऱ्यासमोर सांगा, सिनेमाच्या सुरुवातीलाच घालते."

तुलाही मी तसंच सांगितलंय. लाल डबा संपला नव्हता. भरलेला होता.

काचेसारखी पारदर्शक पानं असायची, रंग मागच्या बाजूनं भरायचा. एक रंग सगळ्या थप्पीला लावायचा, मग दुसरा. त्या दिवशी उजवा बूट चार नंबरनं, म्हणजे लालनं, सगळ्या थप्पीवर भरून झाला होता. तेवढ्यात तू कारखान्याच्या फाटकाशी आलीस. नऊ वर्षांची, पायात चप्पल नाही. "आई, धाकटा डोळे उघडत नाहीये." आणि मी म्हणाले, "एवढी थप्पी उरकते नि आलेच. तू हो पुढं."

साठ पानं होती. मी बसले आणि डावा बूट भरला. ब्रश सात नंबरात बुडवत होते, पिवळं डोळ्यांसमोर होतं, पण दिसलं नाही. साठच्या साठ पानं तशीच. मग घरी आले. घरात काय झालं होतं ते माझ्याआधी तू पाहिलं होतंस.

चौथ्या दिवशी कामावर गेले तर मुख्य चित्रकार बुटांवरून बोलत होते. पण तोवर पानांचं चित्रण झालं होतं. पुढं पोरांना ते आवडलं, म्हणून तेच ठेवलं. मग अकरा वर्षं मी डावा बूट समजून-उमजून सात नंबरनं भरला. रडू तेव्हाही आलं नाही. आतून कुणी ओल्या फडक्यानं पुसून काढल्यासारखं झालं होतं, ते अजून तसंच आहे. जेवते, झोपते, वरचीशी गप्पा मारते.

तू म्हणायचीस, आई दगडासारखी रंग भरत बसली. बसले होते. त्यात खोटं काही नाही, आणि मला त्यातून सुटायचंही नाही. बुटाचं तेवढं तुला माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं.

आता मला तू सांग. कॅमेऱ्यासमोर डब्याचंच बोलू, की हे? तो तुझा भाऊ, आणि फाटकाशी तू उभी होतीस. तू नको म्हणालीस तर लाल डबा संपला होता, मी मरेपर्यंत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. ये असा आग्रह नाही. हो किंवा नाही, एवढा एक शब्द कळवलास तरी पुरे.

तुम्हा दोघांची
आई

ती मंडळी शनिवारी सकाळी अकराला परत येतो म्हणालीत.