बाराचे पंधरा

विक्रोळी (पूर्व),
दसऱ्यानंतरचा मंगळवार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या राजारामाचा नमस्कार. कंबर वाकत नाही, पण मनाने वाकलोय असं समज. तुझा गुडघा कसा आहे? त्या कुडाळच्या डॉक्टरने दिलेलं तेल लावतेस का? (मला त्या तेलाचा वास आल्यापासून संशय आहे. ते नुसतं खोबरेल असून त्यात कापूर घातलाय.) भावोजींना नमस्कार सांग. त्यांनी आपल्या घरच्या सुपाऱ्या पाठवल्या असं तू लिहिलंस, पण आमच्याकडे पोचल्या त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी सुपाऱ्या वाटतात. तो विषय पुन्हा कधीतरी.

फोन करता आला असता, हे मलाही कळतं. पण आमच्या घरात फोन म्हणजे लाऊडस्पीकर. मी गॅलरीत गेलो तर नलिनीला नेमके तिथलेच कपडे काढायचे असतात, आणि जिन्यात गेलो तर शेजारचा अंबादास चपला शोधायला बाहेर येतो. गणपतीत आपण भेटलो तेव्हाही घर माणसांनी भरलेलं होतं. म्हणून पत्र. वाचून झाल्यावर चुलीत घाल. (गॅस असला तर फाडून टाक.)

विषय श्रुतिकाच्या माशांचा आहे. तुला माहीतच आहे, जूनमध्ये तिने बेंगळुरूची बदली मागून घेतली. का मागून घेतली तेही तुला माहीत आहे, कारण कसालच्या त्या काजूवाल्या मुलाचं स्थळ तूच आणलं होतंस आणि पोरीला न विचारता शब्द मी दिला होता. ती भांडली नाही गं. भांडली असती तर बरं झालं असतं. बॅग उचलताना एवढंच म्हणाली, "बाबा, मला एकदा विचारायचं होतं ना." आणि मग टाकीकडे बोट दाखवून, "बारा आहेत. बाराच्या बारा सांभाळा." तेव्हापासून आईशी ती सगळं बोलते, माझ्याशी फक्त मासे. दर रविवारी साडेदहाला व्हिडिओ कॉल येतो. मी फोन टाकीसमोर धरतो, ती विचारते, पाणी बदललं का, दिवा किती तास ठेवता, खातायत का. मी सांगतो. चार मिनिटं, कधी पाच. अक्का, आठवड्यातली माझी लेक तेवढीच. उद्या मासे मेले तर आमच्यात बोलायला उरतंय काय?

तर हे मासे. नाव निऑन टेट्रा. लांबीला माझ्या करंगळीचं एक पेर. अंगावर निळी रेघ आणि शेपटीकडचा अर्धा भाग लाल. सगळे एकत्र फिरतात. एकाने मान वळवली की बाराही वळवतात, आणि का वळवली हे कुणी विचारत नाही. (आमच्या सोसायटीची कमिटी अशीच आहे.) पहिल्या दिवशी टाकी आणली तेव्हा नलिनी चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, "ह्येंचो एक वाटोसुद्धा धड होवचो नाय." आता तिलाही लळा लागलाय, पण ती कबूल करत नाही. आणि मोजायचं म्हणशील तर आपल्या मालवणी माणसाला मासे मोजायची सवय कुठे? आपण बाजारात ढिगाने मांडलेले वाटे बघतो. त्यात हे हलते. दोन-चार वेळा मोजलं की अकरा, तेरा, पुन्हा अकरा. शेवटी मी युक्ती काढली. एका कोपऱ्यात चिमूटभर खाणं टाकायचं, सगळे तिथे जमले की पटकन मोजायचं.

पहिला संशय मला जुलैत आला. सकाळी उठून टाकीचा दिवा लावला तर मासे फिके! निळी रेघ गेलेली, लाल रंग धुतल्यासारखा. कुणीतरी माझे मासे नेऊन हलक्या प्रतीचे ठेवले, अशी माझी खात्री झाली. अंघोळ न करता मी घाटकोपरला, मासे घेतले त्या दुकानात गेलो आणि तिथल्या सर्वेशला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, अंधारात त्यांचा रंग उतरतो. अर्धा तास थांबा, परत येईल." घरी आलो तर रंग आलेला. पण मी तेवढ्यावर सोडलं नाही. पुढचे चार दिवस दिवा लावून स्टूल घेऊन बसलो आणि रंग चढताना डोळ्यांनी पाहिला, तेव्हा कुठे सर्वेशवरचा संशय काढला.

ऑगस्टमध्ये खरा प्रकार सुरू झाला. मासे वाढायला लागले! तेरा झाले. (तेराचं सोड. ते कसे झाले ते मला विचारू नकोस.) पण त्यानंतर पंधरा दिवसांत चौदा झाले. गणपतीला गावी यायच्या आधी किल्ली अंबादासकडे दिली, परत आलो तर पंधरा! अक्का, मासा कमी झाला तर माणूस मांजराला शिव्या देऊन मोकळा होतो. वाढला तर कुणाचं नाव घ्यायचं? सर्वेशला विचारलं, पिल्लं झाली असतील का? तो हसला. म्हणाला, घरच्या टाकीत ह्यांची पिल्लं सहसा जगत नाहीत, आणि जगली तरी एकदम एवढी मोठी दिसत नाहीत. म्हणजे माझ्या बंद घरात कुणीतरी येऊन मासे सोडून जातंय. चोर घेऊन जातो, हा ठेवून जातो. अशा माणसाची पोलिसात तक्रार तरी काय लिहिणार?

नलिनीला आडून विचारलं. तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "माका कित्याक विचारतास?" विचारायच्या आधीच उत्तर तयार! अंबादासला चहाला बोलावलं. कंपनीत तीस वर्षं एका शिफ्टला होतो, त्याचा चेहरा मला वाचता येतो. मी नुसतं टाकीकडे बघितलं तर तो बशीत चहा सांडून म्हणाला, "काय यार राजाराम, माझ्यावर डाऊट घेतो काय? दोन वेळा चिमूट-चिमूट खायला टाकलं, बस." मी अजून काही बोललोच नव्हतो.

मग परवा शोध लागला. खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची कुंडी आहे. ती मी सहज उकरत होतो. (निवृत्त माणसाने कुंडी उकरू नये असं कुठे लिहिलंय?) चार बोटं खाली हळदीचं पान लागलं, नीट घडी घातलेलं. उघडलं तर आत एक निऑन, किंवा त्याचं जे काही उरलं होतं ते. आपल्या घरात हळदीच्या पानात गुंडाळलेला मासा आजवर थेट तव्यावर गेलाय, त्याला माती द्यायचं नलिनीशिवाय कुणाला सुचणार? त्याच्या बाजूला काडेपेटी निघाली. तिच्यात दुसरा निऑन, कापसावर झोपवलेला, आणि उशाला उदबत्तीचा तुकडा. एवढी व्यवस्था अंबादासचीच. म्हणजे दोघांनीही मेलेला मासा गुपचूप पुरला आणि गुपचूप नवा आणून सोडला. मला एका शब्दाने सांगितलं नाही. घरात आणि शेजारात एवढी फसवणूक चालली असताना मी रविवारी पोरीला छातीठोकपणे "बाराच्या बारा" सांगत होतो! कुणावर विश्वास ठेवायचा गं?

सगळ्यांना यथायोग्य सांग. गुडघ्याला जप, जिने चढू नकोस.

तुझा धाकटा,
राजाराम

ता. क. कुंडीत मला तिसरा मासाही सापडला, पण तो कुठे आहे ते मला आधीच माहीत होतं. तो मीच पुरला होता. सगळ्यांत आधी मेला तो हाच, माझ्याच हातून. दुकानातल्या खाण्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी घरचा जवळा कुटून घातला होता. तो खारवलेला होता हे नंतर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सर्वेशकडे एक मागितला तर म्हणाला, हा मासा एकटा घाबरतो, जोडीनेच देतो. तिघांनाही त्याने जोडीच दिली असणार. तेराचं कारण आता कळलं असेल.

ता. क. २. खरं लिहायचं होतं ते आता लिहितो. गेल्या रविवारी श्रुतिका म्हणाली, "दिवाळीला येईन, बाबा. घरी कुणी मला बघायला येणार नसेल तर." तू गणपतीत म्हणालीस की दिवाळीला कसालच्या मंडळींना घेऊन येतेस. अक्का, त्यांना नको आणूस. शब्द मी दिला होता, तो मोडतोय असं माझ्या नावाने सांग, तुझ्यावर घेऊ नकोस. तू एकटी ये. मला माझी पोर घरात हवी आहे. एवढंच मागणं आहे, नाही म्हणू नकोस.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार करते. मी नलिनी. पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. तुम्ही नक्की एकट्या या, ह्यांना रात्र-रात्र झोप नाही. मासे पंधरा आहेत की बारा ते श्रुतिकाला ठाऊकसुद्धा नाही. टाकीच्या काचेत फोन धरलेले हे दिसतात. ती सगळा वेळ तेच बघते, आणि कॉल संपला की मला फोन करून विचारते, "आई, बाबा वाळलेत का गं?" ह्यांना सांगू नका, नाहीतर पुढच्या रविवारपासून कडेला उभे राहून फोन धरतील.