सव्वा वार पांढरी लोकर

६ ऑक्टोबर १६८३
आज कापडव्यापाऱ्यांच्या संघाच्या सभागृहात कामाला लागले. झाडलोट करायची, शेगडी पेटवायची, कापडाच्या घड्या घालायच्या. जिन्याखाली खोलीही मिळाली. नवरा गेल्यापासून दुसऱ्यांच्या चुलीपाशी निजत आले, आता स्वतःचं दार आहे. ते लावून पाहिलं, उघडून पाहिलं, पुन्हा लावलं. एकटीच हसत होते.

मधल्या लांब टेबलावर गावातला प्रत्येक तागा येतो. थ्रेल मापारी तो मोजतात, शिशाचा शिक्का मारतात, मग घडी माझी. तळघरात संघाच्या धर्मादायावर राहणारी अर्सुला म्हातारी म्हणाली की, पोरी, इथे माणूस उपाशी राहिला तर चालतं, कापडाला सुरकुती चालत नाही. चीजचा तुकडा मात्र तिनेच दिला.

९ ऑक्टोबर
पांढऱ्या लोकरीचा एक तागा सव्वा वार कमी भरला. काल पुरा होता, घडी मीच घातली होती. थ्रेल मापाऱ्यांनी कापलेली कड निरखली आणि म्हणाले, बाई, इतकी सरळ कात्री माझ्या बायकोचीही चालत नाही. मी नाही कापलं म्हणून शपथ घेतली.

१३ ऑक्टोबर
आणखी दोन तागे. दोन्हींत सव्वा वारच कमी.

अर्सुलाला विचारलं. तिने सांगितलं की मेलेल्याला लोकरीतच पुरायचं हा कायदा आला, तेव्हा याच सभागृहात तीन दिवस मेजवानी चालली होती. लोकर खपावी म्हणून इथल्या थोरांनी लंडनला खेटे घातले होते. ते आता स्वतःच लोकरीत निजलेत, पण अजून गिऱ्हाईक सोडत नाहीत, असं ती हसत म्हणाली.

१४ ऑक्टोबर
लिहूनच टाकते. माझी लेक ॲग्नेस मार्चमध्ये तापाने गेली. चार वर्षांची होती. लोकर तिला सोसायची नाही. मान आणि कोपरं लाल व्हायची, ओरबाडत रडायची. म्हणून मी तिला माझ्या लग्नातल्या मऊ लिननमध्ये गुंडाळलं, आणि न्यायाधीशासमोर, कायद्याला लागते तशी, शपथेवर सांगितलं की लोकरीत पुरली. तिला सव्वा वार लागलं होतं.

१७ ऑक्टोबर
आठ तागे झाले. कामावरून काढणार म्हणतात. काढोत. तिला तिथे थंडी वाजत असेल, म्हणून तीच नेत असेल, अशी मनाची समजूत घालते आहे. देवा, तसंच असू दे.

१९ ऑक्टोबर, दुपार
टेबलाखाली ओरबाडल्याचा आवाज. थ्रेल मापारी समोरच मोजत होते. त्यांना ऐकू आला नाही. मला तो आवाज पाठ आहे.

२० ऑक्टोबर
सभा संपली, सगळे गेले. ती टेबलाजवळ उभी आहे. पांढऱ्या लोकरीत तोंडही गुंडाळलंय. दोन्ही हात वर — कपडे काढून घ्यायचे असले की करायची तसे —

नऊ थर काढले. खाली पुन्हा नवीन कापड, संघाचा शिक्का मारलेलं —

रडतेय. थांब गं राणी, आई काढतेय —

सोळा — हाताला अजून तिचं अंग लागत नाही —

आत अजून