तीन हाका

मंगळवार, संध्याकाळ

कोर्टाच्या दारात उभं राहून नरसय्याच्या नावाने तीन हाका मारल्या. तो समोरच्याच बाकावर बसला होता. यंत्रमागावर त्याचे कान गेलेत, मला ठाऊक आहे. आत गैरहजर म्हणून वॉरंट निघालं.

त्याच्या आधी कारखानदाराच्या पोराची केस. तो आलाच नव्हता. वकिलाने हजेरी माफीचा अर्ज दिला, साहेबांनी लगेच मंजूर केला.

नंतर नरसय्याने विचारलं, "माजं नाव कवा येनार?" तेव्हा मात्र त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, वॉरंट निघालंय.

शिपायाने तीन हाका मारायच्या, मी मारल्या. मग खांद्याला हात का नाही लावला? मागच्या तारखेला त्या पोराला बोलवायला गाडीपर्यंत पळत गेलो होतो. एकही हाक न मारता.