हुलकावणीचे बूट

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तुझ्या लेकीशी फोनवर बोललो. ती म्हणाली की तब्येत सुधारते आहे, पण अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून शब्द मध्येच अडकतात, म्हणून तू फोन घ्यायचं टाळतेस. म्हटलं, मग पत्र लिहू. कागदाला घाई नसते. तूही उत्तर लिही, डाव्या हाताने का होईना. अक्षराची काळजी करू नकोस. आमच्या वेधशाळेतले साहेब ज्या अक्षरात वाऱ्याच्या नोंदी करतात ते मी रोज वाचतो, तेव्हा तुझंही लागेल.

लगेच निघून यावंसं वाटतं, पण बदलीचा माणूस टेकडीवर येईपर्यंत इथली यंत्रं सोडता येत नाहीत. तोवर एक सुचवतो. तुझ्या हाताच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही अंगठे हलते ठेवायला सांगितलं आहे ना? मी मोबाइलवर एक गेम खेळतो. केस पिकलेला माणूस दुपारी राक्षस मारत बसतो म्हणून तू हसशील, तर खुशाल हस. तो गेम मी तुझ्या लेकीला सांगून तुझ्या फोनवर घालून घेतला आहे.

त्यात तुला एक लढणारी बाई मिळेल. डाव्या अंगठ्याने ती चालते, उजव्याने वार करते. तिच्या पेटीत तलवार, चिलखत, शिरस्त्राण, बूट असं बरंच सामान असतं. लोहारणीकडे नेऊन निळे खडे दिले की त्यातली वस्तू वाढते, मजबूत होते. खडे मात्र जपून वापर. नवशिके सगळ्यालाच थोडे थोडे लावत बसतात आणि मग कशातच दम राहत नाही. माझं ऐकशील तर आधी बूट वाढव. त्यांच्यात हुलकावणीचा गुण आहे, वार येऊन पोचायच्या आत माणूस बाजूला सरकतो.

दुपारी मी गेममधल्या तळ्याकाठी थांबतो. तिथे बोलायचं काही नसतं, नुसतं भेटायचं.

तुझ्या मायेत खंड पडू नये, एवढंच मागणं.

तुझा
लंबू


२३ जानेवारी

चि. लंबूस,
अ. उ. आ.

हे पत्र बसत-उठत लिहिलं आहे. ओळी उतारावरून घसरल्यासारख्या दिसतील. तू टेकडीवर राहतोस, तेव्हा सवय असेल.

तुझी ती बाई मिळाली. आधी तिचे कपडे ज्याने बेतले त्याला माझ्यासमोर उभा कर. खांद्यावर एवढी जड शाल, तीही एका बटणावर, आणि हिने म्हणे धावायचं. इतकी वर्षं मी नाटकाचा कपडेपट सांभाळला. असं काही शिवून दिलं असतं तर नटीने पहिल्याच अंकात माझ्या नावाने शंख केला असता. शाल मोडीत काढली. धनुष्यही काढलं, कारण मला ती पडद्याची दांडी वाटली. त्याचे जे खडे हाती आले ते आणि होते नव्हते ते सगळे चिलखताला घातले. हो, बुटांना नाही. रागावू नकोस. ते चिलखत मानेपासून घोट्यापर्यंत आहे, आणि ते घालून बाई एका जागी उभी राहिली की कोणाला हलवता येत नाही. मला ते बरं वाटलं.

दुपारी मी खिडकीपाशी खुर्चीत बसते. तळं दिसायला लागलं की डोळे जड होतात. कधी झोप लागते आणि खेळ तसाच पुढे चालू राहतो. पाण्यावर धुकं असतं, पलीकडे ती पांढरी हरणं, आणि त्यांच्यामधून मी आमच्या कपडेपटातल्या झग्यांच्या रांगेकडे चालत जाते. झगे वाऱ्याने हलत असतात. जाग आल्यावर थोडा वेळ कळत नाही की खोलीत आहे का काठावर. काल तू समोर उभा होतास. तुझ्या टोपीला शिंगं कशाला रे?

आमचे मॅनेजर येऊन गेले. म्हणाले, परत यायची घाई करू नका, तुमची मदतनीस सगळं सांभाळते आहे. मुलगी हुशार आहेच. मी म्हटलं, छान झालं. एवढं मात्र न अडखळता म्हणता आलं.

जेवत जा. बघायला कोणी नाही म्हणून काहीबाही खाऊ नकोस. माझे आशीर्वाद लिहून संपणारे नाहीत, तेव्हा इथेच थांबते.

ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिंगं शोभेची नाहीत, त्यांनी माझा वार जड होतो. पण तू म्हणालीस तेव्हापासून मलाही ती खटकायला लागली आहेत, आणि आता आरशात बघतानाही मी डोकं चाचपतो.

इकडे सारखं धुकं आहे. यंत्रांचे आकडे उतरवून झाले की खिडकीत बसतो. बाहेर धुकं, हातातल्या तळ्यावरही धुकं. तुझं चिलखत लांबून चमकताना दिसतं, आणि उगाच वाटतं की दार उघडलं तर तू बाहेर गवतात उभी असशील. मग आपण दोघं काठाकाठाने फिरतो. हरणं वाट देतात. दिवसातला हा भाग मी कोणाला सांगत नाही.

तळ्यापुढच्या मिठाच्या मैदानात मात्र आपण रोज मरतो आहोत. तिथली वाट अडवणारा पांढरा गरुड वरून झेपावतो तेव्हा उभं राहून चालतच नाही, चिलखत कितीही वाढवलेलं असो. पळत पळतच वार करावा लागतो. मी मरून पडलो की मला तुझ्याकडे बघत बसण्याशिवाय काम नसतं. तू चालतेस, थांबतेस, मग वार करतेस. पुन्हा चालतेस. चालता चालता वार तू कधीच करत नाहीस.

ताई, ज्याचे दोन्ही अंगठे फोनवर असतात तो असा खेळत नाही. फोन उशीवर ठेवून तू सगळं डाव्या हातानेच करतेस का? आणि ते चिलखत त्यासाठीच घेतलंस का, उभ्या उभ्या मार खाता यावा म्हणून? मी चुकत असेन तर आल्यावर माझा कान पीळ.

पूर्वीसारखीच माया राहू दे.

लंबू


२२ फेब्रुवारी

चि. लंबूस,
आ.

पत्र पोचलं. वेधशाळेतली माणसं ढगांकडे बघतात असा माझा समज होता. लोकांच्या अंगठ्यांवर लक्ष ठेवायला तुला कोणी नेमलं?

फोन कपाटात ठेवून दिला आहे. बाकी सगळं ठीक.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तळ्यावर जाऊन येतो. तू नसलीस की हरणं जवळ येतात, तुझ्या चिलखताच्या खडखडाटाला ती बिचकत असावीत. पण त्यांच्यात उभं राहून मला करमत नाही.

तुझी लेक सांगत होती की तू तुझी बेतायची मोठी कात्री मदतनीस मुलीला देऊन टाकलीस. त्याबद्दल मी विचारणार नाही. तुझी वस्तू, तुझी मर्जी. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मी येईन, तू दारात हसशील, चहा विचारशील, सगळं ठीक आहे म्हणशील. आणि मी ते खरं धरून दोन दिवसांनी परत टेकडीवर येऊन बसेन. तुझं ठीक मला नको. खरं काय ते हवं, अडखळत सांगितलंस तरी चालेल. मला ढगांची सवय आहे, ते पुढे सरकेपर्यंत मी थांबू शकतो.

बदलीचा माणूस महिनाअखेरीला येईल म्हणतात, पण म्हणतात तसं इथे कधी होत नाही. माझ्याकडचे निळे खडे मी खर्च केलेले नाहीत. लागले तर तळ्यावर ये, नाही तर राहू देत पडून.

रागातसुद्धा आठवण ठेव.

लंबू


११ एप्रिल

चि. लंबूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, कारण आधी काय लिहायचं ते घडून यायला हवं होतं.

तुझा अंदाज बरोबर होता. उजवा हात मी चादरीखाली ठेवत होते. तो मला माझा वाटतच नाही. कोणी पाहुणा आला आणि जाताना विसरून गेला, तसा तो मांडीवर पडलेला असतो. त्याला गरम-गार काही कळत नाही. एकदा किटलीला लागून बोटावर मोठा फोड आला आणि तो मला दिसला तेव्हाच समजला. लेकीला मी ते सांगितलं नाही. कात्री रोज समोर दिसायची, म्हणून देऊन टाकली. मुलगी घेईना, तर तिचं लक्ष नसताना तिच्या पिशवीत सरकवली.

तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि चारही वेळा तुझा राग आला. मग लेकीला हाक मारली आणि फोडाची जागा दाखवली. ती माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की हाताला विसरू दिलं तर तो विसरतोच, आणि फोन उजव्या तळव्याला बांधून ठेवायला त्यांनी एक पट्टी दिली. पट्टीची शिवण फार वाईट होती, पण मी गप्प बसले.

मग लोहारणीकडे गेले. चिलखत मोडीत काढायचं का, असं तिने दोनदा विचारलं. वाढवताना घातलेले सगळे खडे परत मिळत नाहीत, हे तू मला आधी सांगायला हवं होतंस. हातात आले ते बुटांना घातले, आणि तळ्यावर तू तुझे ओतलेस ते तर तुला माहीतच आहे. साध्या सदऱ्यात उभी राहिलेली ती बाई बघून मला कसंतरीच झालं. एवढीशी दिसत होती.

मरणं किती झाली याचा हिशोब तू ठेवला असशील, मी ठेवला नाही. अंगठा उठायचा, पण गरुड येऊन गेल्यावर. मध्येच एकदा आमची मदतनीस झग्याच्या बाह्या घेऊन आली, म्हणाली की खांद्यात बसत नाहीत. मी तिला कुठे किती सोडायचं ते सांगत होते, आणि शब्द अडला की ती टाचण्या मोजल्यासारखं करून वाट बघायची. कापड सरकू नये म्हणून मी उजवा हात त्यावर ठेवला. नुसता ठेवला. हाताला वजन आहे, तेवढं तरी उपयोगी पडलं, आणि तिने माझ्याच कात्रीने कापलं. मी मॅनेजरांना कळवलं आहे की बेतायचं काम आता तिचं. मी आठवड्यातून एकदोनदा जाऊन तिच्या शेजारी बसेन. लिहिताना वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. थोडं दुखलं.

कालचं तू पाहिलंस, पण माझ्या बाजूने काय झालं ते तुला ठाऊक नाही. गरुड झेपावला आणि मी सरकले, आणि सरकता सरकता उजवा अंगठा खाली आला. मी आणला असं म्हणणार नाही, तो आला. मीठ उडालं, सगळं पांढरं झालं, आणि मग पंखांचा आवाज थांबला.

मला वाटलं होतं की मैदानापलीकडे खजिना असेल, निदान एखादी बरी शाल तरी. तिथे नुसतं गवत होतं, कमरेएवढं, आणि वारा. तू पुढे जाऊन थांबलास. मीही थांबले. परतायचं कोणाच्याच मनात नव्हतं. खिडकीतून ऊन खोलीत आलं होतं आणि गवतावरही तसंच ऊन होतं. वाटलं, आपण दोघं लहान आहोत आणि घरात बोलवायला अजून कोणी बाहेर आलेलं नाही.

तेव्हा तळव्याला काहीतरी झालं. आधी वाटलं की डोळा लागला आहे आणि हे झोपेतलं आहे. म्हणून डाव्या हाताने खुर्चीची कडा दाबून पाहिली. मी जागी होते. फोन बराच वेळ चालू राहून तापला होता, आणि ते माझ्या उजव्या हाताला कळत होतं. कोमट, पाखरू धरल्यासारखं. तुझी ती उंच, शिंगांची आकृती गवतात उभी होती. मी पट्टी सोडली नाही. पडदा काळा झाला, फोन हळूहळू निवत गेला, आणि तो निवतानाही मला कळत होता.

लेक कामावरून आली तेव्हा मी तशीच बसलेली होते. तिने विचारलं की काय झालं. मी तिचा हात त्या तळव्यात ठेवला. नुकतेच हात धुतले होते, बोटं गार होती.

तुझ्यावर जीव आहे, तो आहे तसाच आहे.

तुझी
ताई