माझ्या गळ्यातलं ताईला

हे लिहायला मी तीन आठवडे टाळाटाळ केली, हे आधी कबूल करतो. कागद आणला, मग सायकलची चेन पुसली, मग चेन कशाने गंजते यावर घरमालकाशी तासभर वाद घातला. परवा माझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीवाला धोका कमी, आवाजाचं सांगता येत नाही. म्हणून मी, वय सव्वीस, पत्ता सतत बदलता, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, पुढील व्यवस्था करतो. मी मेलो तर ती लागू आहेच. नुसता आवाज गेला तरी लागू समजावी.

एक. सायकल, तंबू आणि दोन स्वेटर ताईला. पाना घरमालकाला, ती देणगी नव्हे, तो त्याचाच आहे.

दोन. अरणी, म्हणजे घुसळून अग्नी काढायची दोन लाकडं, ताईला. मी ती गावोगाव पाठीवर वाहिली. वेदांतलं मला हेच पटलं: देऊळ नाही, मूर्ती नाही, थांबाल तिथे अग्नी पेटवा, देवांना हाक मारा, पुढे चला. तेव्हा इंद्राचा केवढा दरारा! आज त्याला कोण हात जोडतं? विष्णूची तेव्हा मोजकीच सूक्तं, आज घरोघरी तो. ताई म्हणते, "देवांच्या खोल्या बदलल्या, घर तेच आहे. लग्नात अजून अग्नीभोवतीच फिरतात ना?" बरोबर आहे तिचं. असो, भरकटलो.

तीन. मुख्य मिळकत: काकांकडून तोंडपाठ झालेली सूक्तं. शब्द पुस्तकात सापडतील. स्वर काकांनी माझं डोकं हातात धरून शिकवले, स्वराप्रमाणे मान खाली, सरळ, वर. त्यांचा दुसरा शिष्य नाही. हे सर्व ताईला. ती भिंतीपलीकडे भांडी घासत शिकली. एकदा मी अडलो आणि पुढचा चरण स्वयंपाकघरातून आला, अचूक. काकांनी पाठ थांबवला. ताई दारात आली.

"मुलींना हे शिकवत नाहीत."

"काका, सूक्तं रचणाऱ्यांत बायका होत्या, तुम्हीच सांगितलंत."

"ते तेव्हाचं गं."

"आणि तुम्ही रोज म्हणता ते कधीचं आहे?"

काका उठून गेले. दुसऱ्या दिवशी मी घर सोडलं. चार वर्षं झाली. आता तीन आठवडे ताई रोज इथे येऊन माझ्यासमोर शिकायला बसते. शेवटचं सूक्त निम्मं राहिलंय आणि आज सकाळपासून माझा आवाज फुटत नाही.

चार. काकांना काहीही नाही. त्यांनी मागूही नये.

ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणजे ताई बाद. पाना मुळात त्याचाच, म्हणून घरमालक चालतो.

सही: माझी
साक्षीदार पहिला: घरमालक, सायकल दुरुस्तीवाले
साक्षीदार दुसरा: (माणूस मिळत नाही)
ठिकाण: सायकलच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावरची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, सोमवार

सहीखाली जोडतो: जिन्यावर काठी वाजली. तीन मजले चढून काका आलेत. माझ्याकडे पाहिलंही नाही. धापा टाकत ताईसमोर बसले, "कुठे अडलंय?" म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून, "मान सैल सोड."

दुसरा साक्षीदार मिळाला. त्यांना मी काहीच ठेवलेलं नाही, तेव्हा कायद्यानेही चालतील.